सिरोसिसमध्ये पाण्याची गोळी चालू असेल तर घरी काय बघायचं
आमच्या इंदूरला पोह्यांवर शेव नसली तर नाश्ता झाल्यासारखं वाटत नाही, पण घरी कुणाला सिरोसिसमुळे, म्हणजे लिव्हर कडक होऊन बिघडल्यामुळे, पोटात पाणी होत असेल तर पहिले ती शेव बंद करा, केवढं मीठ तिथूनच जातं. डॉक्टर बहुतेक स्पायरोनोलॅक्टोन ही पाण्याची (लघवीवाटे पाणी काढणारी) गोळी देतात. लिव्हर बिघडलं की अल्डोस्टेरॉन हार्मोन वाढतं, ते किडनीतल्या रिसेप्टरला (हार्मोन जिथे चिकटतं त्या जागेला) चिकटून मीठ-पाणी धरून ठेवतं, ही गोळी त्याच रिसेप्टरची जागा अडवते. काम सावकाश होतं, दोन दिवसांत फरक नाही म्हणून मनानेच डोस वाढवू नका. रोज सकाळी वजन करून लिहून ठेवा. लो-सोडियम मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि गोळीनेही तेच वाढतं. पुरुषांचे स्तन सुजतात, दुखतात, कारण ही गोळी अँड्रोजनचा (पुरुषी हार्मोनचा) रिसेप्टरही अडवते, आमचे बाबा लाजून महिनाभर बोललेच नाहीत हो, तुम्ही आपणहून विचारा, डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. आणि दर 6 महिन्यांनी लिव्हरची सोनोग्राफी, ती चुकवायचीच नाही, सिरोसिसमधून लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो, तो पुरुषांत बायकांपेक्षा दुप्पट-तिप्पट आढळतो आणि लहान असतानाच सापडला तर इलाज होऊ शकतो.