अमेरिकेतल्या लहान गावातून बाळाचा आणि स्वतःचा अमेरिकन पासपोर्ट काढताना

इंडियाना राज्यातलं कोलंबस हे साधारण पन्नास हजार वस्तीचं गाव. कमिन्स कंपनीचं मुख्यालय इथे आहे आणि कंपनीचं पुण्यातही मोठं काम आहे, त्यामुळे कोथरूड-सिंहगड रोडवरची कितीतरी घरं इथे येऊन राहिली. अशा गावांत वर्ष-दोन वर्षांत घरात पाळणा हलतो, आजी-आजोबा 'कधी येताय' म्हणून विचारू लागतात, आणि मग लक्षात येतं की पासपोर्ट ऑफिस नावाची इमारत आपल्या गावात नाहीच. शिकागोची पासपोर्ट एजन्सी गाडीने चार तासांवर.

तिथवर जायची गरज मात्र बहुतेक वेळा पडत नाही. अर्ज गावातच देता येतो. पोस्ट ऑफिस, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) क्लर्कचं कार्यालय आणि काही ठिकाणी सार्वजनिक लायब्ररी अर्ज स्वीकारतात. ही मंडळी फक्त कागद तपासतात, आपल्याकडून शपथ घेतात आणि पाकीट पुढे पाठवतात. पासपोर्ट मिळणार की नाही हे ठरतं अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात. म्हणून खिडकीवरची बाई कितीही प्रेमळ असली तरी कागद कमी असेल तर तिचा नाइलाज असतो.

आपल्या पिनकोडजवळची केंद्रं परराष्ट्र खात्याच्या ट्रॅव्हल डॉट स्टेट डॉट गव्ह या साइटवर शोधता येतात. साइटच्या शेवटी 'गव्ह' आहे ना, हे नीट बघा. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या खासगी साइट नुसता फॉर्म भरून द्यायचे पैसे घेतात. खरा फॉर्म फुकट मिळतो.

केंद्र सापडलं की फोन करा. मोठ्या शहरातल्या पोस्टाची वेळ ऑनलाइन ठरवता येते, पण लहान पोस्टात पासपोर्टचं प्रशिक्षण घेतलेली एक-दोनच माणसं असतात. ती रजेवर असली की त्या दिवशी काम बंद. आम्ही पाच आठवड्यांच्या लेकीला थंडीत गुंडाळून शेजारच्या गावातल्या पोस्टात नेलं, तर ते काम करणारे गृहस्थ दोन दिवस सुट्टीवर होते. पाटी लावलेली नव्हती. तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येकाला सांगते: आदल्या दिवशी फोन करा, आणि 'उद्या पासपोर्टचं काम बघणारी व्यक्ती आहे का' असंच विचारा. 'पोस्ट उघडं आहे का' एवढंच विचारलं तर उत्तर 'हो' येतं आणि आपली फेरी फुकट जाते.

कोणता फॉर्म

पहिला पासपोर्ट, सोळा वर्षांखालचं मूल, हरवलेला किंवा खराब झालेला पासपोर्ट, किंवा जुना पासपोर्ट सोळाव्या वर्षाआधी मिळालेला असेल, तर डीएस-11. हा स्वतः जाऊनच द्यावा लागतो. जुना पासपोर्ट हातात असेल, धड असेल, सोळा वर्षांनंतर आणि गेल्या पंधरा वर्षांत मिळालेला असेल, तर डीएस-82, आणि तो टपालाने जातो. नूतनीकरणासाठी कुणाच्या खिडकीवर जायचं कारण नाही. पंचविशी ओलांडलेल्यांना 2024 पासून ऑनलाइन नूतनीकरणाचीही सोय आहे, पण नाव बदलायचं असेल किंवा घाई असेल तर ती चालत नाही. अर्ज पाठवताच जुना पासपोर्ट रद्द होतो, त्यामुळे पुढच्या काही आठवड्यांत प्रवास असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

डीएस-11 ऑनलाइन भरा, कागदाच्या एकाच बाजूला छापा, आणि सही करू नका. सही खिडकीवरच्या माणसासमोर, शपथ घेतल्यावर करायची असते. आपल्याकडे फॉर्म हातात आला की आधी खाली सही ठोकायची सवय असते. तसं झालं तर पान पुन्हा छापावं लागतं.

जन्मदाखला आणि नावं

बाळाच्या पायांचे ठसे असलेला, रंगीत किनारीचा जो कागद हॉस्पिटल घरी जाताना देतं, तो जन्मदाखला नव्हे. तो आठवणींच्या पेटीत ठेवा. पासपोर्टला लागतो तो प्रमाणित जन्मदाखला. इंडियानात तो काउंटीच्या आरोग्य विभागात मिळतो. त्यावर आई-वडील दोघांची नावं आणि नोंदणीची तारीख हवी. मूळ दाखला अर्जासोबत जातो आणि नंतर परत येतो, पण मी म्हणेन दोन प्रती घ्या. एक पाकिटात गेली तरी दुसरी घरात राहते.

नावांपाशी मराठी घरं सर्वांत जास्त अडखळतात, म्हणून हे जरा सविस्तर. हॉस्पिटलात दाखल्याचा फॉर्म भरताना आईला झोप नसते, वडील फोनवर पुण्याला बातमी देत असतात, आणि त्या घाईत भरलेलं नाव आयुष्यभर चिकटतं. मधल्या नावाच्या रकान्यात आपण सवयीने वडिलांचं नाव लिहितो. अमेरिकेत त्याचा अर्थ 'बाळाचंच दुसरं नाव' असा होतो. त्यात वाईट काही नाही, फक्त तसंच ठेवायचं की रिकामं सोडायचं हे ठरवून लिहा आणि पुढे सगळीकडे तेच ठेवा. बारशाला ठरणारं नाव वेगळं असेल तर दाखल्यावर कोणतं जाणार, याचा निर्णय प्रसूतीच्या आधीच घरात झालेला बरा.

दुसरी गोष्ट आईच्या नावाची. डीएस-11 मध्ये पालकांचं आडनाव त्यांच्या जन्माच्या वेळचं विचारतात, म्हणजे आईचं माहेरचं आडनाव लिहायचं. लग्नात नाव बदलायची रीत काही घरांत अजून आहे आणि तिथे आडनावासोबत पहिलं नावही बदललेलं असतं. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव आणि आईच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर सासरचं, असं असेल तर ही एकच व्यक्ती आहे हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याचं काम तेवढ्या एका कागदावर सुटलं.

दोघांनीही जायचं

सोळा वर्षांखालच्या मुलासाठी आई, वडील आणि मूल, तिघंही हजर हवेत. ओळखपत्र म्हणून लायसन्स चालतं, भारतीय पासपोर्टही चालतो. पालक अमेरिकन नागरिक असण्याची अट नाही. ओळखपत्राची दोन्ही बाजूंची झेरॉक्स लागते, जन्मदाखल्याचीही. लायसन्स दुसऱ्या राज्याचं असेल तर जोडीला आणखी एक ओळखपत्र न्या.

एक पालक येऊ शकत नसेल तर डीएस-3053 हे संमतीपत्र नोटरीसमोर सही करून द्यावं लागतं, त्या पालकाच्या ओळखपत्राच्या झेरॉक्ससह. सहीपासून तीन महिन्यांत ते वापरायचं. नोटरी बहुतेक बँकांत असतो. बाबा महिनाभर भारतात जाणार असतील तर हे पत्र विमानात बसण्याआधी करून घ्या. तिकडे गेल्यावर हेच काम फार लांबतं.

बाळाचा सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकन सरकारचा ओळख क्रमांक) अजून आला नसेल तर शक्यतो थांबा. हॉस्पिटलातूनच अर्ज गेला असेल तर तो काही आठवड्यांत टपालाने येतो. थांबणं शक्यच नसेल तर त्या रकान्यात शून्यं भरून, नंबर अजून मिळालेला नाही असं स्वाक्षरीचं निवेदन जोडता येतं.

फोटो

दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, सहा महिन्यांच्या आतला, चष्म्याशिवाय. मोठ्यांसाठी एवढं पुरतं. तान्ह्या बाळाचा मात्र वेगळा सोहळा आहे. जमिनीवर पांढरी चादर अंथरा, सुरकुत्या काढा, बाळाला उताणं झोपवा आणि उजेड खिडकीतून दोन्ही गालांवर सारखा पडेल असं बघा. फोटो वरून काढताना आपली सावली चेहऱ्यावर येते, म्हणून थोडं बाजूला उभं राहा. दुपट्याचा काठ, आजीचा हात, खुळखुळा, काहीही चौकटीत येता कामा नये. टोपडं काढा. गालावरची तीट आणि कपाळावरचं काजळ ओल्या कापडाने पुसून घ्या. फोटो झाला की पुन्हा लावा, आजीचाही जीव शांत होतो. तान्ह्याचे डोळे पूर्ण उघडे नसले तरी चालतं. दूध पिऊन, ढेकर काढून झाल्यावरची दहा मिनिटं फोटोला उत्तम. चाळीस फोटो काढा, त्यातले दोन चांगले येतील. औषधांच्या दुकानात ते छापून मिळतात.

पैसे

सध्याचे दर असे: मोठ्यांसाठी 130 डॉलर, सोळाखालच्या मुलांसाठी 100. खिडकीवर अर्ज दिला तर त्या केंद्राचे 35 डॉलर वेगळे. घाईचे 60 डॉलर आणखी. जाण्याआधी साइटवर एकदा ताडून बघा.

पैसे दोन ठिकाणी दोन वेगळ्या रीतीने भरायचे असतात. पासपोर्टची फी चेकने किंवा मनी ऑर्डरने, 'यू.एस. डिपार्टमेंट ऑफ स्टेट' या नावाने. तिथे कार्ड चालत नाही. 35 डॉलर त्या केंद्राला, त्यांच्या पद्धतीने. चेकबुक नसेल तर मनी ऑर्डर पोस्टाच्याच दुसऱ्या खिडकीवर मिळते. चेकच्या खालच्या ओळीत अर्जदाराचं नाव आणि जन्मतारीख लिहा.

किती दिवस

साधा अर्ज चार ते सहा आठवडे, घाईचा दोन ते तीन. यात टपालाचा वेळ धरलेला नाही, आणि जाताना-येताना तो दोन-दोन आठवडे लागू शकतो. म्हणजे तिकीट काढताना दहा आठवडे हिशेबात धरा. घाईचे 60 डॉलर मला पटतात. साठ डॉलर वाचवून महिनाभर जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही.

प्रवास चौदा दिवसांवर आला आणि पासपोर्ट नाही, तर वेळ घेऊन एजन्सीतच जावं लागतं. लहान गावातल्या लोकांसाठी आणखी एक दार आहे: आपल्या भागाच्या काँग्रेस प्रतिनिधीचं कार्यालय. अडकलेल्या अर्जाची चौकशी करणं हे त्यांच्या नेहमीच्या कामात मोडतं आणि फोन खरोखर उचलला जातो. लाजू नका.

नुकतेच नागरिक झालेल्यांसाठी

तुम्हाला नागरिकत्वाचं मूळ प्रमाणपत्र पाठवावं लागतं. आधी त्याची रंगीत प्रत काढून ठेवा. त्यावर प्रत काढण्याबद्दल कडक इशारा छापलेला असतो, त्यामुळे लोक घाबरतात. पण पासपोर्टच्या अर्जासाठी झेरॉक्स खुद्द सरकारच मागतं. पासपोर्ट आधी येतो आणि प्रमाणपत्र वेगळ्या पाकिटात, कधी चार आठवडे उशिरा. मध्ये घर बदलू नका, बदललंच तर पत्ता कळवा. भारतीय पासपोर्ट परत करून त्याचा दाखला घेणं आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते कार्ड) ही पुढची वेगळी कामं. इंडियानासाठी ती शिकागोच्या वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात.

ओसीआय आधीच असेल तर विसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टची प्रत आणि ताजा फोटो ओसीआयच्या साइटवर चढवावा लागतो. वयाची वीस वर्षं झाल्यानंतरच्या पहिल्या पासपोर्टला कार्ड एकदा नव्याने काढायचं, आणि पन्नाशीनंतरच्या पहिल्या पासपोर्टला पुन्हा एकदा प्रत चढवायची. नवा पासपोर्ट आल्यापासून तीन महिन्यांत हे उरका.

पासपोर्ट घरी आला की नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ एकेक अक्षर लावून वाचा. छपाईची चूक असेल तर डीएस-5504 भरून ती दुरुस्त होते. सगळं बरोबर असेल तर सहीच्या जागी बाळाचं नाव लिहा, शेजारी स्वतःची सही करा आणि कंसात 'आई' किंवा 'बाबा' हे नातं इंग्रजीत लिहा. बाळाच्या हातात पेन देऊन रेघोट्या काढू देऊ नका.