ब्रेक चीं-चीं करत होते, दोष पिनमध्ये निघाला
रात्रभर उभी गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला ओरडून गप्प होत असेल, तर तो डिस्कवरचा (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीवरचा) गंज; सोडून द्या. आवाज कायम असेल तर चाक काढून पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी घासून गाडी थांबवणारे तुकडे) बघा. मटेरियल ३ मिमीच्या आसपास आलं की वेअर इंडिकेटरची (पॅड झिजल्याचा इशारा देणारी) पत्री डिस्कला घासते, पॅड बदलायचेच. या गाडीत बाहेरचा पॅड चांगला जाड, आतला मात्र बराच झिजलेला. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्यावर सरकतो ती स्लाइड पिन कोरडी पडून अडकली होती. पिन साफ करून सिलिकॉन ब्रेक ग्रीस लावलं, पॅडच्या पाठीलाही पातळ हात. घासणाऱ्या बाजूला ग्रीस लागलं तर पॅड गेलेच समजा. पॅड बसवताना कॅलिपरमधला पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) मागे ढकललेला असतो, त्यामुळे पेडल कडक होईपर्यंत दाबल्याशिवाय गाडी हलवू नका.