जुन्या थारचं बॉनेट कुणीही उघडतं, त्याला कुलूप कसं लावायचं

जुनी थार (2010 ते 2020 वाली), त्याआधीच्या महिंद्राच्याच मेजर आणि एमएम 540, किंवा बजेट असेल तर जीपची रँगलर, या सगळ्यांची एकच गोची आहे, बॉनेट बाहेरूनच उघडतं. दोन्ही बाजूचे हुक सोडवायचे, पुढे मधोमध सेफ्टी कॅच असेल तर बोट घालून सरकवायचा, झालं. दरवाजे लॉक आहेत का नाही याच्याशी काही देणंघेणं नाही. बॅटरी चोरणाऱ्याला याच्यापेक्षा सोपी गाडी मिळणार नाही, आणि चोर नसला तरी सोसायटीतलं एखादं कार्टं बॅटरीचं टर्मिनल ढिलं करून जातं, मग सकाळी आपण बसतो स्टार्टर मारत.

बहुतेक जण पहिल्यांदा हुकलाच कुलूप लावायला बघतात आणि ते बरोबरच आहे, पण कुलूप घ्यायच्या आधी हुक कशाने बसवलाय ते बघा. मडगार्डवरचे बोल्ट बाहेरून दिसत असतील तर चोर कुलपाला हात पण लावणार नाही, दहा नंबरचा पाना घेईल आणि हुक कुलपासकट काढून ठेवेल. आणि मागची बिजागरं तर सगळेच विसरतात, काचेच्या खाली बॉनेटची बिजागरं बाहेरच असतात, तिथले बोल्ट काढले की बॉनेट मागून उचलता येतं. म्हणून खर्च करायचाच तर आधी या बोल्टवर करा. शिअर बोल्ट मिळतात, घट्ट केले की डोकं तुटून पडतं आणि पाना लागायला काही उरत नाही, फक्त पुढे कधी काढायची वेळ आली तर ड्रिल मारावं लागेल. तेवढी कटकट नको असेल तर ज्याला वेगळी चावी लागते असले सिक्युरिटी बोल्ट घ्या, पण ती चावी गाडीतच ठेवू नका म्हणजे मिळवलं.

आता कुलूप. चावीवाले रेडिमेड हुक मिळतात, जुने काढून त्याच जागी बसतात, पण घ्यायच्या आधी भोकांचं अंतर जुळतंय का ते बघा. ते नको असतील तर हुकच्या हँडलमधून आणि खालच्या पट्टीतून आरपार भोक पाडून छोटं पितळी कुलूप घाला, कडी 6 एमएमची असेल तर भोक 8 चं, नाहीतर पावसाळ्यात चिखल बसला की कडी हलतच नाही. भोक पाडलं की लगेच रेड ऑक्साईड (गंज न लागण्यासाठीचा रंग) लावा, कोकणात राहणाऱ्यांनी तर नक्कीच. कुलूप रस्त्यात खडखडतं आणि रंग खरवडतं, त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा. आत तेल घालू नका, धूळ चिकटून गाळ होतो, ग्रॅफाईट पावडर टाका.

तिसरा उपाय म्हणजे आतून केबल. भंगारातून कुठल्याही साध्या गाडीचा बॉनेट लॉक आणि केबल आणायची, पुढे ग्रिलच्या मागे बसवायचा, केबल फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) रबर ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रबराची रिंग, लावून आत घ्यायची. दिसायला एकदम क्लीन काम, पण सॉफ्ट टॉप (कापडी छत) असेल तर जरा विचार करा, कापडाची चेन उघडून हात घातला की लिव्हर हातात येतो, म्हणजे कुलूप लावून चावी दाराला अडकवल्यासारखंच. लिव्हर सीटखाली किंवा लॉक होणाऱ्या ग्लोव्ह बॉक्समध्ये घ्या. आणि केबल कधीतरी तुटणारच, म्हणून आधीच लॉकला दुसरी एक पातळ वायर बांधून खालून हात पोचेल पण सहज दिसणार नाही अशी सोडून ठेवा.

काहीही करा, पुढचा सेफ्टी कॅच काढू नका, आता लॉक आहे ना मग याची काय गरज असं म्हणणारे भेटतील. हायवेवर हुक सुटला तर बॉनेट सरळ काचेवर येतं, ते तोच कॅच थांबवतो. आणि कुलपाची चावी इग्निशनच्या जुडग्यातच ठेवा, वायरिंगमधून धूर यायला लागला तर चावी शोधायला वेळ नसतो.

अलार्म असेल तर बॉनेटखाली पिन स्विच (बॉनेट उघडलं की अलार्म वाजवणारा) टाकून घ्या, बऱ्याच युनिटला त्याची वायर दिलेलीच असते, फक्त कुणी जोडत नाही. सायरन स्वतःची बॅटरी असलेला घ्या, नाहीतर मेन बॅटरीची वायर कापली की तो पण गप्प.