दोन स्वरांमधली जागा: सोलो वाद्यांची सॅम्पल लायब्ररी निवडताना

सॅम्पल लायब्ररी म्हणजे खऱ्या वाद्याचे सूर ध्वनिमुद्रित करून संगणकावर पट्ट्यांनी वाजवता येतील असा बांधलेला संच. ती घेऊन वाद्यवृंदासाठी संगणकावर रचना करायला बसलेला नवखा माणूस बहुतेक वेळा तंतुवाद्यांच्या समूहापासून सुरुवात करतो आणि त्यात त्याचे बरे निभते. चौदा-सोळा व्हायोलिने एकत्र वाजत असली की एकाची उणीव दुसऱ्यात झाकली जाते, सुरांचे सांधे एकमेकांत विरघळतात आणि भरघोस, सिनेमासारखा ध्वनी हाती येतो. एकच व्हायोलिन पुढे येऊन आठ बार (मात्रांचे गट) वाजवू लागले की मात्र झाकायला कोणी उरत नाही. हे कळायला माझी दोन वर्षे आणि बऱ्यापैकी पैसे खर्ची पडले, म्हणून हा अनुभव जरा तपशिलात लिहीत आहे.

माझे पहिले सोलो व्हायोलिन मी नोव्हेंबरातल्या सवलतींच्या आठवड्यात घेतले. नमुन्याची रचना ऐकली, सूर मधाळ वाटला, घेऊन टाकले. पुढच्याच महिन्यात एका लघुपटाचे काम आले. आजी रिकाम्या घरातले कपाट आवरते आहे, असा सव्वा मिनिटाचा प्रसंग होता आणि त्यावर संथ लयीत एकटे व्हायोलिन हवे होते. एकेक पट्टी दाबून पाहिली तर प्रत्येक सूर सुरेख लागत होता. सलग ओळ वाजवली की सगळे बिघडत होते. दिग्दर्शकाला संगीताची परिभाषा येत नव्हती, पण त्याने दोष अचूक पकडला. ‘‘हा माणूस दर सुराला नव्याने का सुरू होतोय?’’ असे त्याने विचारले. मी ध्वनीच्या लहरी मोठ्या करून पाहिल्या, तेव्हा प्रत्येक सूर त्याच पद्धतीने फुगत होता, त्याच क्षणी कंप पावू लागत होता आणि पुढचा सूर आला की कापला जात होता. मी सूर विकत घेतले होते. सुरांमधले काहीच घेतले नव्हते.

आपल्याकडे गायकाला दाद मिळते ती त्याच्या ‘जागां’साठी, आणि जागा म्हणजे बहुधा एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याची रीतच असते. सोलो लायब्ररी विकत घेताना नेमके हेच पाहायचे असते, आणि नवखा मात्र एकेका सुराचा पोत ऐकून भाळतो. मी पेटीवर वाढलो. पेटीत दोन स्वरांमध्ये काही नसते, त्यामुळे हा दोष मला इतरांपेक्षा उशिरा ऐकू आला असावा.

या सांध्याला लेगाटो म्हणतात. व्हिएन्ना सिंफनिक लायब्ररी या ऑस्ट्रियातील संस्थेने, जिचे संस्थापक स्वतः चेलोवादक आहेत, या शतकाच्या सुरुवातीला दोन सुरांमधले संक्रमण स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत रुळवली, आणि आज चांगली म्हणवणारी बहुतेक सॅम्पल लायब्ररी याच मार्गाने जाते. यातले कष्ट एका साध्या हिशोबाने कळतात. व्हायोलिनचे ४० सूर धरले आणि प्रत्येक सुरापासून वर व खाली एका सप्तकापर्यंतची २४ अंतरे मुद्रित केली, तर ९६० संक्रमणे होतात. ती हळू आणि जोरात अशा दोन पातळ्यांवर, शिवाय एकाच गजात, गज बदलून आणि घसरत अशा तीन रीतींनी वाजवून घेतली की आकडा ५,७६० वर जातो, आणि त्यात व्हायब्रेटोचे, म्हणजे सुराला दिलेल्या कंपाचे, प्रकार अजून आलेलेच नाहीत. स्वस्त लायब्ररीत यातलाच काही भाग गाळलेला असतो. तो कोणता, हे खरेदीपूर्वी शोधणे हे आपले काम. माझ्या त्या व्हायोलिनमध्ये गज बदलून घेतलेली संक्रमणेच नव्हती, म्हणून लांब ओळीत वादकाचा गज कधी संपतच नसे, आणि मी सूर तोडला की तो थेट शून्यातून उगवत असे.

दुसरी गोष्ट म्हणजे सूर चालू असताना त्यावर आपला ताबा किती राहतो. पियानोची पट्टी दाबली की त्या सुराचे भवितव्य ठरलेले असते. व्हायोलिन, ओबो किंवा हॉर्नचा सूर सुरू झाल्यावर घडतो. मिडीमध्ये, म्हणजे संगणक आणि वाद्य यांच्यातल्या सूचनांच्या भाषेत, हा ताबा ० ते १२७ अशा आकड्यांनी दिला जातो. बहुतेक लायब्रऱ्यांत सीसी (कंट्रोलर) १, म्हणजे पट्ट्यांशेजारचे चाक, मॉडव्हील, वादनाचा जोर बदलतो. सीसी ११ आवाजाची पातळी वरखाली करतो. आणि व्हायब्रेटोला वेगळा फेडर, म्हणजे सरकवायची दांडी, असतो किंवा नसतो. ‘नसतो’ असे दिसले, तर ती लायब्ररी भावपूर्ण ओळीसाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ध्वनिमुद्रणातच पक्का बसलेला व्हायब्रेटो कितीही सुंदर असला तरी तो तुमच्या ओळीचा नसतो.

हे एका ओळीवर दाखवतो. चेलोवर ई मायनरमधली संथ धून आहे, लय मिनिटाला ६६ मात्रांची. पहिला लांब सूर चार मात्रांचा आहे. त्याची सुरुवात मी मॉडव्हील २५च्या आसपास ठेवून करतो आणि पहिली मात्रा, म्हणजे जवळजवळ एक सेकंद, व्हायब्रेटो शून्यावर ठेवतो, त्यामुळे सूर सरळ आणि थोडा कोरडा येतो. दुसऱ्या मात्रेपासून व्हायब्रेटो हळूहळू उघडतो आणि जोर मात्र त्यानंतर वाढवतो. दोन्ही एकदम वाढवले की नाटकी वाटते. तिसऱ्या बारमध्ये ओळीचा कळस येतो, तिथे जोर ८०पर्यंत जातो. शेवटच्या सुरावर आधी जोर उतरतो, कंप काही क्षण तसाच राहतो आणि मग तोही विझतो. एवढ्या चार बारांसाठी मी दोन फेडर डाव्या हाताच्या दोन बोटांनी, उजव्या हाताने पट्ट्या वाजवत, सात-आठ वेळा मुद्रित करतो. माउसने रेषा ओढूनही हे करता येते, पण त्या रेषा सरळ येतात आणि सरळपणा कानाला लगेच कळतो. म्हणून लायब्ररीच्या आधी दोन-तीन फेडर असलेले साधे उपकरण घ्यावे. सुषिर वाद्यांचे काम जास्त असेल तर फुंकरीवर चालणारा ब्रेथ कंट्रोलर घ्यावा. त्याच्यासाठी सीसी २ राखून ठेवलेला आहे.

मॉडव्हील फिरवताना आणखी एक दोष उघडा पडतो. हळू वाजवलेला सूर आणि जोरात वाजवलेला सूर ही दोन वेगळी ध्वनिमुद्रणे असतात आणि मधल्या टप्प्यावर ती एकमेकांत मिसळली जातात. समूहात हे खपते. सोलोत मात्र त्या मधल्या टप्प्यावर एकाऐवजी दोन वादक वाजवत असल्याचा भास होतो, कारण दोन्ही मुद्रणांतला कंप जुळत नसतो. काही निर्माते ही मुद्रणे लहरीला लहर जुळवून घेतात. क्रिस हाइन यांच्या सोलो वाद्यांची ती खासियत आहे. त्यात संक्रमण नितळ होते, मात्र काही कानांना सूर किंचित घासूनपुसून काढल्यासारखा वाटतो. मला स्वतःला बासरी आणि क्लॅरिनेटमध्ये ही पद्धत आवडते, तंतुवाद्यांत तितकीशी नाही.

याउलट दुसरा पंथ ध्वनिप्रतिकृतीचा. ऑडिओ मॉडेलिंग या इटालियन कंपनीच्या स्वाम वाद्यांत तार, गज, नळी, फुंक यांचे वर्तन गणिताने घडवलेले असते. तिथे पट्टी नुसती दाबून उपयोग नसतो. एक्स्प्रेशन, म्हणजे वर सांगितलेला सीसी ११, हलवल्याशिवाय सूरच निघत नाही, म्हणून नवख्याला ते वाद्य बंद पडले आहे असे वाटते. गज न ओढता व्हायोलिन वाजत नाही, हे तिथे पहिल्याच मिनिटाला शिकायला मिळते. अशी वाद्ये वाजवणाऱ्याच्या हातात जिवंत होतात आणि आळशी हातात निर्जीव राहतात. त्यांचा नुसता पोत अजूनही उत्तम सॅम्पलच्या तोडीचा वाटत नाही, विशेषतः उघड्या, संथ ओळीत. पण चपळ जागा, झटके आणि मींड यांत सॅम्पल त्यांच्या जवळ फिरकत नाही.

मींडेबद्दल थोडे अधिक, कारण मराठी रचनाकार तिकडे हमखास वळतो. मध्यमावरून तार षड्जापर्यंतचे अंतर सात अर्धस्वरांचे आहे. सॅम्पल लायब्ररीतला घसरता लेगाटो वादकाने एका ठरावीक वेगाने वाजवलेला असतो. तुम्हाला मध्ये पंचमावर क्षणभर रेंगाळायचे असेल तर ती सोय त्यात नाही. मग आपण पिच बेंडकडे, म्हणजे सूर वरखाली वाकवणाऱ्या चाकाकडे, वळतो. तो बहुधा दोन अर्धस्वरांपुरताच लावलेला असतो, आणि वाढवला तरी वाद्याचा चेहरा बदलतो. खऱ्या व्हायोलिनमध्ये सूर चढतो तेव्हा लाकडी पेटीचा अनुनाद जागेवरच असतो. सॅम्पल ताणले की सुराबरोबर ती पेटीही आकसते आणि व्हायोलिन खेळण्यातले वाटू लागते. प्रतिकृतीच्या वाद्यात पेटी वेगळी हिशोबात धरलेली असल्यामुळे हे होत नाही. तेव्हा नाट्यसंगीताच्या वळणाची एखादी ओळ व्हायोलिनवर हवी असेल तर मी डोळे मिटून प्रतिकृतीकडे जातो, आणि सिनेमातला लांब, शांत चेलो हवा असेल तर सॅम्पलकडे.

लेगाटोच्या विलंबाने मी एकदा चांगलाच तोंडावर पडलो. संक्रमण मुद्रित केलेले असते तेव्हा पट्टी दाबल्याबरोबर ऐकू येतो तो आधी प्रवास आणि मग मुक्काम. हा प्रवास लायब्ररीनुसार आणि पट्टी किती जोरात दाबली त्यानुसार सुमारे १०० ते ३०० मिलिसेकंदांचा असतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत अर्धी मात्रा २५० मिलिसेकंदांची होते, म्हणजे धून अख्ख्या अर्ध्या मात्रेने मागे पडू शकते. मी ढोलकीच्या ठेक्यावर व्हायोलिन बसवले आणि ते कायम दमलेले वाटत राहिले. मी मूर्खासारखा ढोलकीला दोष देत होतो. उपाय किचकट नाही: धून हवी तशी वाजवून घ्यायची आणि मग लेगाटोचे सूर तेवढे अलीकडे ओढायचे. पहिला सूर ओढायचा नाही, कारण त्याला प्रवास नसतो. बरे निर्माते हे आकडे माहितीपुस्तिकेत देतात. पुस्तिका खरेदीपूर्वी उतरवून घेऊन वाचता येते आणि ती जाहिरातीपेक्षा खूप खरे बोलते.

ध्वनी कोणत्या खोलीत मुद्रित झाला, हेही पाहावे. स्पिटफायर या लायब्ररी बनवणाऱ्या कंपनीने आपली बरीच वाद्ये लंडनच्या एअर स्टुडिओतील लिंडहर्स्ट हॉलमध्ये मुद्रित केली. ते पूर्वी चर्च होते आणि त्याची आस सुरातच मुरलेली असते. ऑर्केस्ट्रल टूल्स या दुसऱ्या कंपनीची बरीच वाद्ये बर्लिनच्या टेल्डेक्स स्टुडिओतली आहेत. उलट प्रतिकृतीची वाद्ये ठार कोरडी असतात. समूह ज्या दालनातला आहे त्याच दालनातले सोलो वाद्य मिळाले तर बैठक आयती जमते. कोरडे घेतले तर रिव्हर्बने, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्याने, बसवावे लागते आणि त्यात वेळ जातो, पण ते कुठेही बसते. ओल्या ध्वनीची ओल मात्र काढता येत नाही. पहिली खरेदी असेल तर मी कोरडे किंवा जवळच्या मायक्रोफोनचा वेगळा फेडर असलेले घ्यायला सांगेन.

संगणकाबद्दल फार लिहीत नाही. सॅम्पल असलेले एकेक वाद्य काही जीबींपासून काही दहा जीबींपर्यंत जागा खाते, म्हणून एसएसडी हवी आणि १६ जीबी मेमरी तरी हवी. काँटॅक्ट या सॅम्पल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारी लायब्ररी घेताना ती मोफत प्लेअरमध्ये चालते की पूर्ण आवृत्ती लागते, हे वाचून घ्यावे. पूर्ण आवृत्तीची लायब्ररी मोफत प्लेअरमध्ये पंधरा मिनिटांत थांबते. परवाना बहुधा दुसऱ्याला विकता येत नाही, त्यामुळे न आवडलेले वाद्य गळ्यातच राहते.

म्हणूनच परीक्षा आधी घ्यावी. माझ्याजवळ सोळा बारांची एक मिडी फाइल असते. तिच्यात एक संथ ओळ आहे, एक सप्तकाची उडी, एकाच सुराची जलद पुनरावृत्ती, एक चढती तान आणि शेवटी शून्यात विरणारा सूर. वाद्य वापरून पाहायला मिळत असेल तर ही फाइल त्यावर वाजवतो. मिळत नसेल तर ज्या चित्रफितीत वादकाचे फेडर दिसतात आणि वाद्य एकटे वाजते, तीच पाहतो. पियानो आणि समूहाच्या गादीवर बसवलेल्या सोलोवरून काहीही ठरवत नाही. हात बसवायला आधी मोफतचे वाद्य पुरते. स्पिटफायरच्या बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हरमधल्या बासरीवर महिनाभर मॉडव्हील चालवावे, मग पाकीट उघडावे.

एक गोष्ट मात्र कोणतीही लायब्ररी शिकवत नाही. अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे जे संयोजक गोव्यातून मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले, ते स्वतः व्हायोलिन वाजवत, आणि गज कुठे वळेल हे त्यांना लिहितानाच ठाऊक असे. मला ते ठाऊक नव्हते, म्हणून एका व्हायोलिनवादक मित्राला मी माझी संगणकावरची ओळ वाजवायला दिली. त्याने वाचून पेन्सिलने गजाच्या खुणा केल्या, दोन सूर वेगळ्या तारेवर नेले आणि एका जागी ‘‘इथे हात पोचणार नाही’’ म्हणून सांगितले. त्या खुणांप्रमाणे मी सॅम्पलमध्येच ओळ पुन्हा बांधली आणि तेच वाद्य निम्मे सुधारले. आता महत्त्वाच्या कामात त्याच्याकडून एक ओळ खरी वाजवून घेतो आणि सॅम्पल तिच्याखाली दाबून ठेवतो.

सवलतीत घेतलेले ते पहिले व्हायोलिन अजून डिस्कवर आहे. त्याला ओळ द्यायची नाही, एवढे पथ्य पाळतो. समूहाच्या वर तरंगणारा एखादा लांब, एकटा सूर हवा असला की तेच उघडतो, कारण तेवढे काम ते अजूनही कुणाहीपेक्षा देखणे करते.