जुन्या अंगठीतला सोनाराचा हात कसा ओळखायचा

साठच्या दशकातली, आधुनिक घाटाची सोन्याची अंगठी हाती आली, की तिला चमकवायची घाई करू नका. माझी पहिली अंगठी मी अशीच घालवली. वरचं सोनं झाडाच्या सालीसारखं खरबरीत होतं आणि खाचांमधून पाच बारीक हिरे बसवलेले होते. सैल होते म्हणून एका दुकानात दिली, तर परत आली ती आरशासारखी गुळगुळीत. "ताई, अगदी नवीकोरी करून दिली," दुकानदार कौतुकानं म्हणाला. घरी येऊन मी रडले. त्या अंगठीत खरबरीतपणा हेच तर काम होतं.

लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये, म्हणजे तिथल्या सोनारांच्या संघाच्या इमारतीत, १९६१ साली आधुनिक दागिन्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्याच सुमारास तिथल्या दागिन्यांचं रूप पालटत होतं. हिरा किती मोठा यापेक्षा सोन्याचा पोत कसा, हे महत्त्वाचं ठरलं. लंडनचा दागिन्यांचा आरेखक अँड्र्यू ग्रिमा तर पानं आणि दगडफुलांसारख्या वस्तूंवरून सोन्यात ओतकाम करून घेत असे. असा पोत एकदा घासून गेला की गेलाच.

दुसरी अंगठी लंडनचीच मिळाली. ती मी कशी तपासली, ते सांगते.

आधी कानाशी धरून बोटानं हलकी टिचकी मारा. बारीक खुळखुळ ऐकू आली तर एखादा हिरा कोंदणात सैल झालाय. तो पक्का करून घेईपर्यंत धुऊ नका. आवाज नसेल तर कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशनं धुवा. बेसिनमध्ये नको, वाटीत.

मग दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि उजेड एका बाजूनं, तिरपा पडू द्या. समोरून उजेड पडला की पोत सपाट दिसतो. ओतीव पोताच्या कडा मऊ, गोलसर असतात. कुठे सुईच्या टोकाएवढी छिद्रंही दिसतात. छिन्नीनं काढलेली रेघ धारदार असते आणि शेजारच्या रेघेशी तंतोतंत जुळत नाही. माझ्या अंगठीत तिसरीच गोष्ट निघाली: सोन्याच्या बारीक तारा शेजारी शेजारी जोडलेल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला आगीच्या आचेनं वितळून झालेला इवलासा मणी. एकही मणी दुसऱ्यासारखा नाही. कुणीतरी ज्योतीसमोर बसून एकेक टोक नेमक्या क्षणी मागे घेतलंय. मी तासभर तेच पाहत बसले.

आता आतली बाजू. तिथे सोन्याची शुद्धता तपासून मारलेले शिक्के असतात. इंग्लंडमध्ये शिक्का मारलेल्या अंगठीवर १९७५ पूर्वी १८ कॅरेटसाठी मुकुट आणि १८ हा आकडा असे; पुढे १८ च्या जागी ७५० आलं. बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. सोबतच्या अक्षरावरून साल कळतं, पण १९७५ पूर्वी शिक्के मारणाऱ्या प्रत्येक शहरातल्या कचेरीची अक्षरमाला वेगळी होती, म्हणून आधी शहर ओळखा. माझ्या अंगठीवर बिबट्याशेजारी छोट्या लिपीतला 'एन' आहे, म्हणजे १९६८-६९.

उरला आद्याक्षरांचा शिक्का. इथे बरेच जण फसतात. तो शिक्का ज्यानं दागिना तपासणीला पाठवला त्याचा असतो. घडवणारा कारागीर वेगळा असू शकतो. ग्रिमा स्वतः आरेखन करायचा, घडवणारे हात कार्यशाळेतल्या सोनारांचे. आद्याक्षरांभोवतीची चौकटही कागदावर जशीच्या तशी उतरवून घ्या, कारण तीच अक्षरं अनेकांची असतात आणि शोध घेताना चौकटीचा आकार उपयोगी पडतो.

कडीच्या आत फुंकर मारा. वाफ विरताना एखादी आडवी रेघ वेगळी दिसली तर तिथे कापून माप बदललंय. शिक्का अर्धवट असेल तर बहुधा त्यातच गेला.

हिरे शेवटी पाहा. क्युबिक झिर्कोनिया, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा, बाजारात आलं १९७६ च्या सुमारास, पण म्हणून १९६८ च्या अंगठीत ते नसेलच असं नाही. हिरा पडला की नंतर कुणीही काहीही बसवतं. एकाच ओळीतल्या खड्यांचे पैलू जुळतात का बघा, आणि एखादाच खडा पकडून ठेवणाऱ्या काट्यांवर ताजे ओरखडे आहेत का तेही.

दुरुस्तीला द्यायची वेळ आली, तर देण्यापूर्वी तिरप्या उजेडात फोटो काढा आणि पावतीवर लिहून घ्या: "पॉलिश करू नये." मी हे आता दुकानदारासमोर मोठ्यानं वाचून दाखवते.