गालावरचे वांग: घासू नका, झाका

थ्रेडिंगला बसलेली बाई आरशात भुवया बघायच्या आधी गालाकडे बोट दाखवते. “ताई, हे जाईल का हो?” गालाच्या दोन्ही हाडांवर, कधी कपाळावर, कधी वरच्या ओठावर मातकट तपकिरी पट्टा असतो. आपण त्याला वांग म्हणतो, डॉक्टर मेलाझ्मा म्हणतात. सांगलीत माझं पार्लर आहे आणि बावीस वर्षं हा प्रश्न मी ऐकतेय. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या स्वतःच्या गालांवरही वांग आले होते, म्हणून हे मनापासून लिहितेय.

वांग म्हणजे मळ नव्हे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी जरुरीपेक्षा जास्त रंग बनवू लागतात. ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या यांनी ते वाढतं, आणि आईला असेल तर मुलीला यायची शक्यता जास्त. मळ नाही म्हटल्यावर घासून निघणार कसा? उलट आपली गव्हाळ-सावळी कातडी चिडली की तिथे आणखी काळं पडतं. त्यामुळे लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट, साखरेचा स्क्रब हे सगळं आजपासून बंद करा. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात. तोंड पुसतानाही टॉवेल खसाखसा फिरवू नका, नुसता टेकवा. मी वांगावर ब्लीच करत नाही. गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं तरी चालेल.

आता ट्यूबबद्दल. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली गोरं करणारी ट्यूब मीही लावली होती. आठ दिवसांत चेहरा असा उजळला की शेजारणी विचारायला लागल्या. मी तीन महिने लावत राहिले. मग थांबवली तर चेहरा लालबुंद झाला, गॅससमोर उभं राहिलं की आग व्हायची, गालांवर बारीक पुरळ आणि लव आली. वांग तर होते त्याहून गडद झाले. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. चेहऱ्याची कातडी त्याने पातळ होते आणि तिला त्याची सवय लागते.

म्हणून ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, यातलं एक जरी नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. २०१८ साली सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून नियम कडक केले, तरी ती सर्रास मिळतात. त्वचेचे डॉक्टर कधीकधी थोडे आठवडे अशी ट्यूब देतात, पण त्यांची नजर असते. कित्येक महिने लावत असाल तर एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना चेहरा दाखवा. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर कुठलंही डाग घालवणारं क्रीम त्यांना विचारूनच लावा.

मग करायचं काय? सनस्क्रीन लावायचं. ते नीट लावलं नाही तर बाकी सगळे उपाय वाया जातात. ट्यूबवर एसपीएफ, म्हणजे उन्हापासून बचावाचा आकडा, किमान ३० बघा. तो उन्हातली भाजणारी किरणं साधारण ९७ टक्के अडवतो, ५० चा साधारण ९८ टक्के, म्हणजे मोठ्या आकड्यामागे धावण्यात अर्थ नाही. खरी चूक मापात होते. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही बोटांवर लांबीभर रेघ काढा. एवढं चेहरा आणि मानेला लागतं, साधारण एक ग्रॅम. रोज दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब २५ दिवसांत संपायला हवी. तुमची सहा महिने पुरत असेल तर तुम्ही लावतच नाही आहात. बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. घाम आला तर रुमालाने टिपा आणि मग लावा.

वांगासाठी त्यातल्या त्यात टिंटेड, म्हणजे कातडीसारखा रंग असलेलं सनस्क्रीन घ्या, ज्यात आयर्न ऑक्साइड हे रंगद्रव्य असतं. वांगाला नुसती अतिनील किरणं नाही, डोळ्यांना दिसणारा उजेडही वाढवतो, आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. काचेतूनही काही किरणं आत येतात, तेव्हा खिडकीपाशी काम करणाऱ्या बायकांनी घरीही लावावं. स्कूटीवर तोंडाला स्कार्फ बांधता, तो बांधाच, पण सनस्क्रीनच्या वरून.

रात्री सौम्य फेसवॉश आणि साधं मॉइश्चरायझर पुरे. टोनर, सीरम यांचा खर्च वाचवून सनस्क्रीन घ्या. नवीन काहीही आणलं तर कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा.

हळदीबद्दल सगळ्या विचारतात. आमच्या सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन आहे, मला तिचा अभिमान आहे. दिवाळीच्या पहाटे आंबेहळद, वाळा, नागरमोथा घातलेलं उटणं मी अजून घरी कुटते. पण त्या सुवासासाठी लावा. वांग जातील म्हणून रोज चेहऱ्यावर चोळू नका.

आणखी एक, टिकलीचं. एका मावशींच्या कपाळावर टिकलीच्याच मापाचा पांढरा गोल उमटला. टिकलीच्या गोंदातलं रसायन काहींच्या रंगपेशी मारतं. खाज किंवा लाली दिसली की टिकली त्याच दिवशी सोडा, आणि रोज रात्री काढून झोपा.

महिन्याच्या एक तारखेला, सकाळी, एकाच खिडकीपाशी उभं राहून गालांचा फोटो काढा. रोज आरशात बघून फरक कळत नाही आणि मन खचतं. माझा पहिला फरक चौथ्या फोटोत दिसला. दर एप्रिल-मेमध्ये माझे वांग थोडे गडद होतात, तेव्हा मी दुपारी बाहेरची कामं ठेवत नाही. तीन-चार फोटो झाले आणि काहीच हललं नाही, तर ते सगळे फोटो आणि आतापर्यंत लावलेल्या ट्यूब पिशवीत घालून त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. रिकाम्या ट्यूबसुद्धा न्या.