नहरेकाठी सुरय शोधताना या चुका टाळा

विदर्भाला समुद्र नाही, तेव्हा समुद्रपक्ष्यांचे नातलग येथे कुठून येणार, असे समजून नहरेकडे, म्हणजे कालव्याकडे, पाठ फिरवणे ही पहिली चूक आहे. कुरव (गल) आणि सुरय (टर्न) हे एकाच कुळातील पक्षी असून त्यांतला नदी सुरय गोड्या पाण्यावरच जगतो. वैनगंगेच्या खोऱ्यात नदी, धरण, मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि धानाच्या बांध्या यांच्यामध्ये तो हिंडत असतो, आणि नहर त्याच्या या फेरीतला एक टप्पा असते.

नहरेला नदी समजणे ही दुसरी चूक. नदी आपल्या कलाने वाहते, तर नहर पाणीपाळीप्रमाणे, म्हणजे सिंचनासाठी ठरवून पाणी सोडले जाते तेव्हाच, वाहते. सुरय वरून मासा पाहूनच सूर मारत असल्यामुळे नुकतेच सोडलेले गढूळ, वेगवान पाणी त्याच्या फारसे उपयोगाचे नसते. याउलट नहर बंद झाल्यावर तळाशी जी डबकी उरतात, त्यांत मासळी कोंडली जाते आणि बगळे, पाणकावळे, खंड्या व सुरय तेथे जमतात. म्हणून काठावर तासन्‌तास बसूनही काही दिसत नसेल, तर आधी पाणी कधी बंद होणार याची चौकशी करावी. सकाळी पूर्वेकडच्या काठावर थांबावे, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो आणि चोचीचा रंग नीट कळतो.

रंगाचा प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे, कारण सर्वाधिक फसगत ओळखीतच होते. विणीच्या काळात नदी सुरयाची चोच पिवळी, टोपी काळी आणि शेपटी खोल दुभंगलेली असते. काळ्या पोटाचा सुरय जागतिक पातळीवर संकटग्रस्त आहे, आणि त्याची नोंद करण्याच्या उत्साहात उन्हाळ्याच्या तोंडाशी पोट काळवंडलेला दुसराच लहान सुरय त्याच्या नावावर मांडला जातो. या लहान सुरयाच्या गालावर पांढरी पट्टी, चोच गडद लाल आणि शेपटी जेमतेम खाचेची असते. तो बहुधा सूर न मारता पाण्याला चाटून भक्ष्य उचलतो. काळ्या पोटाच्या सुरयाची चोच मात्र नारिंगी-पिवळी आणि शेपटी लांब दुभंगलेली असते. हिवाळ्यात मोठ्या जलाशयावर तपकिरी डोक्याचा कुरव आलाच, तर त्याचे डोके तपकिरी नसते, डोळ्यामागे केवळ एक गडद ठिपका असतो. नाव ठेवणाऱ्याने हिवाळी पाहुण्यांचा विचार केलेला दिसत नाही.

मार्च ते मे या काळात नदीपात्रातील वाळूच्या बेटांवर पाय ठेवू नये. नदी सुरय उघड्या वाळूत अंडी घालतो, ती वाळूच्याच रंगाची असतात आणि पक्षी उडाला की उन्हात तापतात. कुत्रे आणि कावळे तर टपलेलेच असतात. हा पक्षी आता असुरक्षित प्रजातींच्या यादीत आहे, त्यामुळे जवळून छायाचित्र घेण्याचा हव्यास येथे समर्थनीय ठरत नाही.

अस्तरीकरण झालेल्या उतारावर कधीही उतरू नये. त्या शेवाळलेल्या काँक्रीटवरून घसरलेल्या माणसाला धरायला काही सापडत नाही, आणि चितळासारखे चपळ जनावरही त्यातून सहज वर येत नाही.

वस्तीजवळ धुणे चालू असेल तेथे दुर्बीण किंवा कॅमेरा रोखू नये. आधी रामराम करून येण्याचे कारण सांगावे. जाळे घेऊन निघालेल्या ढिवर काकाजींना पक्ष्याचे पुस्तकी नाव विचारण्यापेक्षा मासळी सध्या कोणत्या डबक्यात आहे, हे विचारावे.